पॅनलवरचं घड्याळ मराठीत हवं, शेजारी कन्नडही (लिनक्स मिंट, एक्सएफसीई)

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले. दुकानातली यंत्रं जुनी, विंडोज ११ त्यांच्यावर बसणार नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातली. रॅम ४ जीबीच आहे, त्यामुळे एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घेतली. प्रिंटर लागला, स्कॅनर लागला, काम झकास चाललंय. आता अडलंय ते खालच्या पट्टीवर, म्हणजे पॅनलवर.

एक मॉनिटर मी गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलाय. कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलचा अर्ज, जमिनीचा उतारा, पोरांचा जातीचा दाखला अशा कामांना लोक येतात आणि सही करायच्या वेळी हमखास विचारतात, आज वार कुठला, तारीख किती? बिडी, इटगी, नंदगडकडची बरीच माणसं दोन्ही भाषा बोलतात, पण वाचायला एकच येते, कुणाला मराठी, कुणाला कन्नड. त्यांना पट्टीकडे बघून आपापल्या भाषेत वार-तारीख वाचता यावी एवढंच मला पाहिजे. मेनू मात्र इंग्रजीतच राहू दे. दुकानात काम करणारी मुलगी कन्नड शाळेत शिकलेली, तिला सगळा मेनू मराठीत करून चालणार नाही.

दुसरं, कीबोर्ड बदलला की पट्टीवर झेंडा दिसतो. मराठीलाही भारताचा, कन्नडलाही भारताचाच. चार अक्षरं टाइप होईपर्यंत कळत नाही कुठल्या भाषेत आहोत. यावर काही उपाय?

टिळकवाडी_टर्मिनल

दोन्ही होतं. आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लिनक्समध्ये मेनूची भाषा आणि तारीख-वेळेची भाषा या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. लोकेल नावाच्या व्यवस्थेत भाषा, चलन, अंक, वेळ यांचे कप्पे वेगवेगळे असतात. वेळेच्या कप्प्याचं नाव एलसी_टाइम. तेवढाच कप्पा मराठी केला तर वार आणि महिने मराठीत येतात, बाकी काहीही हलत नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की मराठी पाहिजे तर अख्खा डेस्कटॉपच मराठी करावा लागतो, आणि तो अनोळखी वाटला की सगळंच सोडून देतात. तशी गरज नाही.

पहिली पायरी: मेनूमधून ‘लँग्वेजेस’ उघडा, ‘इन्स्टॉल / रिमूव्ह लँग्वेजेस’ मध्ये जाऊन मराठी, भारत आणि कन्नड, भारत या दोन्ही जोडा. यंत्राची भाषा बदलू नका, फक्त जोडून ठेवा. मग टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘लोकेल -ए’ आज्ञा दिली की यादीत एमआर_आयएन आणि केएन_आयएन दिसले पाहिजेत. (आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं.)

आता घड्याळ. एक्सएफसीईचं नेहमीचं घड्याळ एका वेळी एकच लोकेल मानतं. तुम्हाला दोन भाषा हव्यात, म्हणून ते घड्याळ फक्त वेळेसाठी ठेवा आणि वार-तारखेसाठी ‘जेनेरिक मॉनिटर’ नावाचं प्लगइन जोडा. पट्टीवर राइट क्लिक, ‘पॅनल’, ‘ॲड न्यू आयटम्स’. यादीत नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ‘जेनमॉन’ शोधा. या प्लगइनचं काम साधं आहे. तुम्ही दिलेली आज्ञा ठरलेल्या सेकंदांनी चालवायची आणि तिचं जे उत्तर येईल ते पट्टीवर दाखवायचं.

त्यात देण्यासाठी दोन ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेली साधी मजकूर फाइल, करा. पहिल्या ओळीत एलसी_टाइम=एमआर_आयएन, एक जागा सोडून ‘डेट’ आज्ञा, पुन्हा जागा सोडून बेरजेचं चिन्ह आणि त्याला चिकटून अवतरणात साचा. दुसरी ओळ तशीच, फक्त एमआर च्या जागी केएन. साच्यात % चिन्हाला चिकटून कॅपिटल ए म्हणजे पूर्ण वार, स्मॉल ई म्हणजे तारीख, कॅपिटल बी म्हणजे महिन्याचं पूर्ण नाव, कॅपिटल वाय म्हणजे वर्ष. वर मराठी आणि खाली कन्नड अशा दोन ओळी पट्टीवर येतील. प्लगइनच्या आज्ञेच्या चौकटीत ‘एसएच’ आणि पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्या, कालावधी ६० सेकंद ठेवा.

यात यंत्राचं कुठलंही मूळ सेटिंग बदलत नाही. आवडलं नाही तर प्लगइन काढून टाका, विषय संपला.

शहापूरची_अक्का

मलप्रभाकाठ भाऊ, मी पण डीटीपीवालीच, त्यामुळे अक्षराबद्दल बोलते. दोन ओळी करणार असाल तर पट्टीची उंची आधी वाढवा. पट्टीवर राइट क्लिक, ‘पॅनल प्रेफरन्सेस’, त्यात ‘रो साइझ’. इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या पट्टीत देवनागरीची वेलांटी वरून कापली जाते आणि उकार खालून. ‘शुक्रवार’ चा उकार आणि ‘फेब्रुवारी’ चा रु बघा, तिथे लगेच कळतं. कन्नडला खालचे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर) असतात, त्याला अजून जागा लागते.

फॉन्ट नोटो सान्स देवनागरी घ्या, कन्नडसाठी नोटो सान्स कन्नड. नसतील तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतात. नोटोमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, पण ते मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रामला कळलं तरच उठतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. लोहित मराठी फॉन्ट घेतला तर ही भानगडच राहत नाही. घड्याळासारख्या छोट्या जागी कुणाच्या लक्षात येणार नाही असं म्हणू नका. आपल्या शाळेत शिकवलेलं ल समोर दिसलं की डोळ्याला बरं वाटतं, आणि म्हाताऱ्या माणसांना ओळखीचं अक्षर लवकर वाचता येतं.

कीबोर्डचं टिळकवाडी सांगतील, पण मी वापरते ते असं: पट्टीवरच्या ‘कीबोर्ड लेआउट्स’ प्लगइनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन झेंड्याऐवजी मजकूर निवडा, आणि नाव देशाप्रमाणे न दाखवता भाषेप्रमाणे दाखवा. झेंडा देशाचा असतो, भाषेचा नाही. आपल्यासारख्या तीन भाषांच्या गावात तो काहीच सांगत नाही.

टिळकवाडी_टर्मिनल

अक्कांनी सांगितलं तेच. एक भर घालतो: एक्स विंडोमध्ये (लिनक्सचा पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी व्यवस्था) एका वेळी चारच लेआउट, म्हणजे कीबोर्डच्या मांडण्या, ठेवता येतात. इंग्रजी, मराठी, कन्नड आणि लागलीच तर हिंदी, आपल्याला पुरतात. दुकानातली मुलगी नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर शिकली असेल तर तिला ‘कन्नड, कगप फोनेटिक’ द्या. नुडी कन्नड गणक परिषदेची, आणि कगप हे त्याच परिषदेच्या नावाचं लघुरूप. तिचे हात आपोआप बसतील. कगप पद्धतीचा मराठी लेआउटही यादीत आहे, म्हणजे दोघांनी एकाच बोटांच्या सवयीने दोन लिप्या लिहिता येतील.

उद्यमबाग

आमच्याकडे डिझाइनच्या यंत्रांवर एक्सएफसीईऐवजी केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप आहे. तिथे हे काम जास्त सोपं आहे आणि एक वेगळीच गोष्ट मिळते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘रीजन अँड लँग्वेज’, त्यात फक्त ‘टाइम’ समोर मराठी निवडा, बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करा. घड्याळातले अंकसुद्धा देवनागरी होतात! याचं कारण, केडीई ज्या क्यूटी नावाच्या साधनसंचावर बांधलंय ते सीएलडीआर नावाच्या जागतिक माहितीसाठ्यातून भाषांची माहिती घेतं, आणि त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत. हिंदीचे तसे धरलेले नाहीत. हिंदी निवडलं तर वार हिंदीत आणि अंक इंग्रजीच राहतात. मराठीसाठी हे आधीच कुणीतरी नीट ठरवून ठेवलंय याचा मला फार आनंद झाला.

‘नंबर्स’ समोर मात्र मराठी निवडू नका. मग कॅल्क्युलेटर, बिलं, कोटेशन सगळीकडे देवनागरी अंक डोकवायला लागतात आणि पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला पाठवलेल्या फाइलमध्ये गोंधळ होतो.

आमचं ग्राहक जर्मनीत आहे, त्यासाठी ‘डिजिटल क्लॉक’ च्या टाइम झोनमध्ये बर्लिन जोडलंय. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. त्यांचं घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, ते आपोआप सांभाळलं जातं. घड्याळावर माउस नेला की दोन्ही वेळा दिसतात. ज्यांच्या घरचं कुणी दुबईला आहे त्यांनी पण हे करून ठेवावं. तिथे आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि तो फरक वर्षभर तोच.

मलप्रभाकाठ

टिळकवाडी, तुमच्या पद्धतीने केलं. मराठी वर, कन्नड खाली, दोन्ही आले! अक्का, उंची वाढवली, आता उकार पूर्ण दिसतात. लोहित घातलाय.

पण उद्यमबागांचं वाचून हाव सुटली. माझ्याकडे वार मराठीत आला, अंक इंग्रजीच आहेत. एक्सएफसीईत देवनागरी अंक होतील का? एवढ्यासाठी केडीई घालायचं नाही, यंत्र दमेल.

येळ्ळूर_मास्तर

होतील की. तुमची ‘डेट’ आज्ञा लिनक्सच्या पायातल्या सी लायब्ररीकडून नावं घेते, तिच्या मराठी लोकेलमध्ये वार-महिने मराठी आहेत पण अंक साधेच येतात. ते आपण मागून बदलायचे. ‘डेट’ च्या ओळीपुढे उभी रेघ देऊन ‘सेड’ आज्ञा जोडा. तिच्यात वाय नावाची सोय आहे: वाय, तिरकी रेघ, इंग्रजीतले शून्य ते नऊ सलग, तिरकी रेघ, देवनागरी ०१२३४५६७८९ सलग, पुन्हा तिरकी रेघ. हे सगळं एकेरी अवतरणात. एका यादीतला अंक दुसऱ्या यादीतल्या त्याच जागेवरच्या अंकाने बदलला जातो.

पुष्कळ ठिकाणी यासाठी ‘टीआर’ आज्ञा सांगितलेली सापडेल, ती वापरू नका. लिनक्समधली टीआर एकेक बाइट धरून चालते, आणि देवनागरीचा एक अंक यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइटांचा असतो. त्यामुळे पट्टीवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात. सेड अक्षर म्हणून वाचते. विद्यार्थ्यांना एका अक्षराला किती बाइट लागतात हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण अजून मिळालेलं नाही. पोरं स्वतः दोन्ही आज्ञा चालवतात आणि फरक डोळ्यांनी बघतात.

तीच युक्ती कन्नड अंकांना पण चालते. दुसऱ्या यादीत कन्नड अंक लिहा की झालं.

मलप्रभाकाठ

झालं मास्तर! आता पट्टीवर पूर्ण मराठी तारीख आहे. कन्नडचे अंक दुकानातल्या मुलीला विचारले, ती म्हणाली इंग्रजीच ठेवा, कन्नड अंक लोकांना पटकन वाचता येत नाहीत. तसेच ठेवले.

निपाणीकर

वा, छान चाललाय धागा. माझी एक मागणी: तिथी दाखवता येईल का? आमच्याकडे दुकानात रोज कुणीतरी विचारतं, आज एकादशी का, अमावास्या कधी. सीमेच्या अलीकडे-पलीकडे पंचांग तर एकच. आपला पाडवा आणि कन्नड लोकांची युगादी एकाच दिवशी.

उद्यमबाग

प्लाझ्माच्या कॅलेंडरमध्ये ‘अल्टरनेट कॅलेंडर’ आणि खगोलीय घटना असे दोन जोड आहेत. पहिल्यात ‘इंडियन नॅशनल’ निवडता येतं, दुसऱ्यात चंद्राच्या कला दिसतात. पौर्णिमा-अमावास्येपुरतं काम होईल.

येळ्ळूर_मास्तर

त्या ‘इंडियन नॅशनल’ ला पंचांग समजू नका. ते भारत सरकारचं राष्ट्रीय सौर पंचांग, २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं. त्यात चैत्राची पहिली तारीख २२ मार्चला येते, लीप वर्षी २१ ला. पाडवा तेव्हा असेलच असं नाही. महिन्यांची नावं तीच असल्यामुळे माणूस फसतो.

तिथी हे वेगळंच गणित आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पूर्ण. ती मध्यरात्री बदलत नाही, दुपारी तीनला पण बदलेल. आपण सूर्योदयाला जी तिथी असते ती त्या दिवसाची धरतो, आणि सूर्योदय गावागावाचा वेगळा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, बेळगाव साधारण ७४.५ वर. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या ३२ मिनिटं मागे चालतो. उत्तरेच्या कुठल्या तरी शहरासाठी केलेलं ॲप इथे एखाद्या दिवशी चुकीची तिथी दाखवतं ते यामुळेच. त्या दिवशी कुणाचा तरी उपवास असतो, म्हणून मी यात घाई करणार नाही.

माझा सल्ला साधा आहे. घरात जे छापील पंचांग मानता त्यावरून वर्षाची एक मजकूर फाइल करा. ओळीच्या सुरुवातीला तारीख, पुढे तिथी. जेनेरिक मॉनिटरचा आणखी एक तुकडा पट्टीवर घाला आणि ‘ग्रेप’ आज्ञेने आजच्या तारखेची ओळ तेवढी काढून दाखवा. वर्षभराच्या ओळी लिहायला वेळ जाईल, पण त्यातलं अक्षर न् अक्षर तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल. घरातली पोरं बसली तर लवकर होतं, आणि त्यांना पंचांग वाचता येतं ते वेगळंच.

निपाणीकर

पटलं मास्तर. घरी आईच पंचांग बघून सांगते, तिला घेऊनच बसतो.

गडहिंग्लजकर

सीमेपलीकडून विचारतोय, चालेल ना? माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि मिंट दोन्ही आहेत. मिंटमधून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं असतं. दर वेळी हाताने लावतो.

टिळकवाडी_टर्मिनल

चालेल म्हणजे काय, बेळगावात अर्धं गडहिंग्लज बाजाराला येतं. 🙂

मदरबोर्डवर एक स्वतंत्र घड्याळ असतं, बॅटरीवर चालणारं. लिनक्स त्यात जागतिक वेळ लिहितं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळाला भारतीय वेळ समजतं. म्हणून फरक नेमका साडेपाच तासांचा. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा द्या, मग दोघंही त्यात भारतीय वेळच मानतील. टाइमडेटसीटीएल त्यावर एक इशारा छापेल, की उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळ बदललं तर यात गोंधळ होतो. भारतात घड्याळ वर्षातून दोनदा मागेपुढे होत नाही, त्यामुळे आपल्याला त्याचा त्रास नाही.

फरक साडेपाच तासांचा नसून तारीखच कित्येक वर्षं मागे जात असेल तर ती छोटी बॅटरी गेली समजा. बहुतेक यंत्रांत सीआर २०३२ असते, घड्याळाच्या दुकानात मिळते. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइट उघडायला नकार देतो, आणि लोक इंटरनेट बंद पडलं म्हणून धावतात.

शहापूरची_अक्का

तारखेवरून आठवलं. रेल्वेचं तत्काळ तिकीट काढणाऱ्यांनी घड्याळात सेकंद जरूर दाखवावेत. वातानुकूलितचं दहाला उघडतं, साध्याचं अकराला. घड्याळाच्या प्रॉपर्टीजमध्ये कस्टम साचा निवडून मिनिटांनंतर % आणि कॅपिटल एस. पण सेकंद दाखवण्याआधी घड्याळ बरोबर आहे का ते बघा. ‘टाइमडेटसीटीएल’ एवढंच टाइप केलं की ‘सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड’ समोर ‘येस’ पाहिजे.

आणि बारा तासांचं घड्याळ मराठी लोकेलमध्ये ठेवलं तर एएम-पीएमच्या जागी म.पू. आणि म.नं. येतं. मध्यान्हपूर्व, मध्यान्हनंतर. बरोबर आहे, पण गिऱ्हाइकाला वाचून थांबायला लागतं. दुकानात चोवीस तासांचं ठेवा, नाहीतर ते अक्षर काढून टाका.

मलप्रभाकाठ

सेकंद घातले. आता खिडक्यांची गोष्ट. एकदम आठ-दहा अर्ज उघडे असतात, पट्टीवर बटणांची दाटी होते आणि तारखेला जागा उरत नाही. स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची आहे.

येळ्ळूर_मास्तर

दोन वाटा. ‘विंडो बटन्स’ च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शो बटन लेबल्स’ काढा, ‘विंडो ग्रुपिंग’ कायमचं लावा. पण अर्ज भरणाऱ्याला कुठल्या खिडकीत कुणाचा अर्ज आहे हे नावावरून कळायला लागतं. म्हणून तुमच्यासाठी मी दुसरी वाट सांगेन. पट्टी डावीकडे उभी करा. असल्या स्क्रीनला रुंदी भरपूर आणि उंची कमी, अर्जाचं पान उंच. उभी पट्टी केली की पानाच्या दोन-चार ओळी जास्त दिसतात. मोड निवडताना ‘व्हर्टिकल’ नको, ‘डेस्कबार’ घ्या. व्हर्टिकलमध्ये अक्षरं आडवी पडतात, मान वाकडी करून वाचावी लागतात. डेस्कबारमध्ये पट्टी उभी राहते आणि मजकूर सरळ. तारखेला रुंदी मिळते, मोठ्या अक्षरात लिहिता येते. ‘लॉक पॅनल’ वर खूण करून ठेवा, नाहीतर गर्दीत माउस ओढला जातो.

शाळेच्या लॅबमध्ये एका यंत्रावर मनासारखं करून ‘पॅनल प्रोफाइल्स’ मधून फाइल काढली आणि बाकीच्या यंत्रांवर तीच चढवली. तुम्हीही फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा. जेनेरिक मॉनिटरची स्क्रिप्ट त्यात येत नाही, ती वेगळी कॉपी करावी लागते, आणि दुसऱ्या यंत्रावर पण त्याच पत्त्यावर ठेवावी लागते. वापरकर्त्याचं नाव वेगळं असेल तर होम फोल्डरचा पत्ता बदलतो आणि तारखेची जागा रिकामी राहते.

मलप्रभाकाठ

डेस्कबार केला. डावीकडे वर मोठी वेळ, खाली मराठी तारीख, तिच्याखाली कन्नड. अर्जाचं पान खरंच जास्त दिसतंय. सगळ्यांचे मनापासून आभार.

दुकानातल्या मुलीने स्क्रिप्ट उघडून कन्नडच्या ओळीत स्वतःच महिन्याआधी वर्ष होतं ते मागे नेलं. ती आता विचारतेय, गिऱ्हाइकासाठी दुकान बंद व्हायची वेळ त्याच पट्टीवर दाखवता येईल का.

टिळकवाडी_टर्मिनल

येईल. त्याच स्क्रिप्टमध्ये तिसरी ओळ घालायची, ‘इको’ आणि पुढे अवतरणात मजकूर, दोन्ही भाषांत. मंगळवारी अर्धा दिवस असं काही असेल तर ‘डेट’ ला % आणि स्मॉल यू देऊन वाराचा आकडा घ्या, सोमवार १, रविवार ७, आणि त्यावर ‘इफ’ लावा. तिला म्हणावं, आधी स्वतः लिहून बघ, अडलं तर ओळी इथे टाक. कन्नडमधून विचारलं तरी चालेल, मी आणि अक्का दोघंही वाचतो.